ठोका आणि भार : प्रत्यारोपित हृदयाच्या मोजमापाचा इतिहास

दात्याचे हृदय नव्या शरीरात किती काम करते, हे मोजण्याची साधने शल्यचिकित्सकांनी घडवलेली नाहीत. ती त्यांना शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांतून तयार मिळाली. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये कायमोग्राफ तयार केला. काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेघ उमटवणारे हे यंत्र आले आणि हृदयाचे चढउतार कागदावर टिकू लागले. १८६६ मध्ये लाइपझिग येथे लुडविग आणि एली सायन यांनी बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून धडधडते ठेवले. मात्र प्रत्यारोपणाच्या दृष्टीने निर्णायक ठरलेले दोन प्रयोग १८९५ सालचे आहेत.

पहिला ऑस्कर लांगेनडॉर्फ यांचा. सस्तन प्राण्याचे हृदय काढून त्यांनी महारोहिणीत नळी बसवली आणि तिच्यातून हृदयाकडे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, द्रव सोडला. त्या दाबाने महारोहिणीची झडप मिटते. द्रव डाव्या निलयात शिरू शकत नाही आणि झडपेच्या लगत उगवणाऱ्या करोनरी रोहिण्यांतून हृदयाच्या स्नायूला मिळतो. हृदय तासन्‌तास ठोके देत राहते. पण त्याचे डावे निलय रिकामे असते. ते आकुंचन पावते, पुढे मात्र काहीच ढकलत नाही. दुसरा प्रयोग ऑटो फ्रांक यांचा. बेडकाच्या हृदयात जितका द्रव अधिक भरावा तितका त्याच्या आकुंचनाचा जोर एका मर्यादेपर्यंत वाढतो, हे त्यांनी दाबाच्या रेघांतून दाखवले. पुढे लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याचे हृदय आणि फुप्फुसे एकत्र ठेवून कृत्रिम अभिसरण उभे केले. त्यात हृदयाला खरेखुरे रक्त ढकलावे लागे. आत येणारे रक्त किती आणि पुढचा अडथळा किती, हे दोन्ही प्रयोगकर्त्याच्या हातात असे.

लांगेनडॉर्फ आणि स्टार्लिंग यांच्या मांडण्यांतला फरक पुढच्या सगळ्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. लांगेनडॉर्फच्या मांडणीत हृदय जिवंत असल्याचे कळते, स्टार्लिंगच्या मांडणीत ते भार पेलू शकते की नाही हे कळते. ‘हृदयाची ताकद’ अशी एकटी, स्वतंत्र संख्या नसते. किती रक्त आत आले आणि कोणत्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलायचे होते, हे सांगितल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ येत नाही. प्रत्यारोपित हृदयाच्या अभ्यासात जिथे जिथे घोळ झाले, तिथे बहुतेक वेळा हीच गोष्ट नजरेआड झालेली दिसते.

१९०५ मध्ये शिकागो विद्यापीठात अलेक्सी कॅरेल आणि चार्ल्स गथ्री यांनी एका लहान पिल्लाचे हृदय मोठ्या कुत्र्याच्या मानेत जोडले. ते सुमारे दोन तास धडधडले आणि मग कप्प्यांत रक्त गोठल्याने थांबले. रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र पक्के झाल्याची ती साक्ष होती आणि याच कामासाठी कॅरेल यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाच्या कार्याचे मोजमाप म्हणावे असे त्यात काही नव्हते. ठोके पडतात का, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर डोळ्यांनी मिळत होते.

मानेतल्या हृदयाला खरी प्रायोगिक शिस्त आणली ती मेयो क्लिनिकच्या फ्रँक मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा निबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी केलेली जोडणी नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचेच तत्त्व आजही हजारो प्रयोगांत वापरले जाते. दात्याची महारोहिणी यजमान कुत्र्याच्या मानेतल्या रोहिणीला जोडायची आणि फुप्फुस रोहिणी मानेतल्या नीलेला. यजमानाचे रक्त दाबाखाली महारोहिणीत शिरते, झडप मिटते, रक्त करोनरी रोहिण्यांतून स्नायूत जाते, तिथून उजव्या अलिंदात, मग उजव्या निलयात आणि फुप्फुस रोहिणीवाटे नीलेत परतते. थोडक्यात, हे लांगेनडॉर्फचेच हृदय; फक्त काचेच्या नळीऐवजी जिवंत प्राण्याला जोडलेले. उजवे निलय करोनरीतून आलेले थोडेसे रक्त ढकलते. डाव्याला जवळजवळ कामच नसते.

या हृदयांचे ठोके कातडीखाली बोटाला लागत, त्यांचा विद्युत्‌ आलेख घेता येई. ती सरासरी चार दिवस टिकली. सर्वांत दीर्घायुषी हृदय आठ दिवस. थांबलेली हृदये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर स्नायूंत लसिकापेशींची गर्दी आढळली. शिवण नीट होती, रक्तप्रवाह चालू होता, तरी हृदय मेले. म्हणजे दोष शस्त्रक्रियेचा नसून कुठल्यातरी जैविक कारणाचा आहे, असा निष्कर्ष मान यांच्या गटाने काढला. ज्याला नंतर ‘रिजेक्शन’ म्हटले गेले, म्हणजे परक्या अवयवाला शरीराने दिलेला नकार, त्याची ही हृदयाच्या बाबतीतली पहिली स्पष्ट नोंद. रोगप्रतिकारशास्त्राने त्याचा उलगडा करायला अजून एक दशक जायचे होते.

मॉस्कोत व्लादिमिर देमिखोव यांनी १९४६ पासून कुत्र्याच्या छातीत दुसरे हृदय बसवण्याचे प्रयोग केले आणि १९५१ मध्ये मूळ हृदय काढून त्याच्या जागी दुसरे बसवण्यापर्यंत मजल मारली. हृदय-फुप्फुस यंत्राची मदत नसताना त्यांनी हे साधले, हे लक्षात घेतले तर त्या हातांची कुशलता कळते. प्राणी मात्र काही तासच जगले. त्यांच्या कामाची पाश्चात्त्य देशांत उशिरा ओळख झाली.

स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी १९६० मध्ये जे प्रसिद्ध केले, त्याने मोजमापाचा प्रश्नच बदलून टाकला. त्यांनी कुत्र्याचे हृदय काढून थंड खारट पाण्यात ठेवले आणि ते दुसऱ्या कुत्र्याच्या छातीत मूळ जागीच बसवले. यजमानाच्या अलिंदांच्या मागच्या भिंती तशाच ठेवल्यामुळे शिवण सोपी झाली. कुत्री ६ ते २१ दिवस जगली, चालली-फिरली, त्यांनी अन्न खाल्ले. आता संपूर्ण शरीराचे अभिसरण या एका हृदयावर अवलंबून होते. ते भार पेलते का, हा प्रश्न टाळता येण्यासारखा उरला नव्हता.

उत्तर शोधताना तीन कारणे एकमेकांत गुंतलेली होती. हृदय कमी काम करत असेल तर ते थंडीत, रक्तावाचून काढलेल्या वेळामुळे की नसा तुटल्यामुळे की शरीराच्या नकारामुळे? ही गुंतागुंत सोडवण्याची युक्ती साधी आणि फार प्रभावी होती : कुत्र्याचे हृदय काढायचे आणि त्याच कुत्र्यात परत शिवायचे. हृदय स्वतःचेच असल्याने नकाराचा प्रश्न मिटतो. उरतात फक्त शस्त्रक्रियेचे आणि नसा तुटण्याचे परिणाम. सेंट लुई आणि स्टॅनफर्ड या दोन्ही ठिकाणी असे स्वप्रत्यारोपणाचे प्रयोग झाले. १९६४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी हृदय कसे काम करते याची मोजमापे छापली. काढून परत शिवलेले हृदय वर्षानुवर्षे शरीराची गरज भागवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मानवी शस्त्रक्रियेला धीर देणारा पुरावा कोणता असे विचारले, तर हा प्रयोग पहिल्या क्रमांकावर ठेवावा लागेल.

नसांचा प्रश्न मेयो क्लिनिकच्या डेव्हिड डोनाल्ड यांनी वेगळ्याच वाटेने हाताळला. त्यांनी शर्यतीचे ग्रेहाउंड कुत्रे निवडले. हृदयावर इतका ताण टाकणारा प्राणी दुसरा मिळणे कठीण. हृदयाच्या नसा तोडण्याआधी आणि तोडल्यानंतर या कुत्र्यांना शर्यतीच्या अंतरावर पळवून वेळ मोजली गेली. १९६४ मध्ये आलेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. नसा नसलेल्या हृदयाची गती सावकाश चढते, पूर्वीच्या उंचीला पोहोचतही नाही, तरीही कुत्र्याचा वेग थोडाच घटतो. मग उणीव भरून कोण काढते? डोनाल्ड यांच्या गटाने पुढे याच प्राण्यांना प्रोप्रॅनोलॉल दिले. या औषधाने रक्तातल्या ॲड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम अडवला जातो. आता मात्र कुत्र्यांची क्षमता एकदम ढासळली. नसांनी होणारे काम रक्तातून येणारी संप्रेरके आणि अधिक भरल्याने अधिक जोराने आकुंचन पावण्याचा फ्रांक-स्टार्लिंग गुणधर्म मिळून उचलत होते. त्यांतला एक आधार काढला की उणीव उघडी पडत होती. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने व्यायामाआधी शरीर हळूहळू तापवावे आणि थांबतानाही एकदम थांबू नये, हा आज दिला जाणारा सल्ला या शरीरक्रियेवरच उभा आहे. विश्रांतीच्या वेळी त्याची नाडी जलद, बहुधा ९० ते ११० च्या घरात, का असते याचेही कारण तेच. वेग आवरणारी व्हेगस नस तुटलेली असते, म्हणून अशा रुग्णाला ॲट्रोपिन देऊनही नाडी वाढत नाही.

नकार येऊ लागला आहे हे हृदय बंद पडण्याआधी ओळखायचे कसे? लोअर आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्याला कुत्र्यांच्या विद्युत्‌ आलेखात त्याची खूण शोधली. स्नायूला सूज येऊ लागली की आलेखातल्या मुख्य लाटांची उंची घटते. ती रोज मोजायची, घसरण दिसताच नकार दाबणारी औषधे वाढवायची आणि उंची परतली की कमी करायची. अशा देखरेखीखाली कुत्री महिनोन्‌महिने जगू लागली. शमवे-लोअर पद्धतीत यजमानाच्या अलिंदाचा काही भाग मागे राहत असल्याने या आलेखात अलिंदाच्या दोन वेगवेगळ्या लाटा दिसत : एक जुन्या हृदयाच्या उरलेल्या भागाची, दुसरी नव्या हृदयाची, दोघींचा ताल स्वतंत्र. पहिल्या पिढीच्या रुग्णांतही हाच आलेख मुख्य आधार होता. १९८० च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे नकार दाबणारे औषध वापरात आले, नकारात येणारी सूज कमी झाली आणि ही खूण भरवशाची राहिली नाही.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण लुई वॉशकान्स्की १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेले. पुढच्या काही महिन्यांत जगभर अशा शस्त्रक्रियांची लाट आली. तिच्यात मुंबईचे केईएम रुग्णालय होते. डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण तिथे केले. ही शस्त्रक्रिया केपटाउनच्या बातमीने भारावून केलेली नव्हती. सेन, जी. बी. परुळकर, एस. आर. पांडे आणि किनरे यांनी कुत्र्यांतल्या शंभर हृदयप्रत्यारोपणांचा प्राथमिक अहवाल १९६५ मध्येच ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापला होता. परळच्या केईएममधले हे काम महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात जेवढे ठळक असायला हवे तेवढे नाही. केईएमचा रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षीची दुसरी शस्त्रक्रियाही दीर्घ यश देऊ शकली नाही.

त्या काळात अनेक ठिकाणी एकच अडचण जिवावर बेतत होती. दात्याचे उजवे निलय निरोगी फुप्फुसांच्या कमी दाबाला सरावलेले असते. तिथला सरासरी दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास. ज्याचे डावे हृदय वर्षानुवर्षे खंगत आले, अशा रुग्णाच्या फुप्फुस रोहिण्यांत मात्र दाब आणि अडथळा दोन्ही वाढून बसलेले असतात. नवे हृदय सुरू होताच त्याच्या पातळ भिंतीच्या उजव्या निलयावर हा भार कोसळतो, ते फुगते आणि डाव्याकडे पुरेसे रक्त पोहोचत नाही. म्हणजे हृदय चांगले आणि शिवण चांगली असूनही भाराचे मोजमाप चुकले तर सगळे चुकते. १९७० मध्ये आलेल्या स्वान-गांझ कॅथेटरने हा भार रुग्णाच्या खाटेशेजारीच मोजता येऊ लागला. टोकाला लहान फुगा असलेली ही नळी नीलेतून सोडली की रक्ताच्या प्रवाहाबरोबर फुप्फुस रोहिणीत पोहोचते. तिथला दाब आणि हृदयाचे दर मिनिटाचे उत्सर्जन यांवरून फुप्फुसातला अडथळा काढतात, तो वुड या एककात. तो ३ वुड एककांच्या वर असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे देऊन तो उतरतो का, हे प्रत्यारोपणाआधी तपासण्याची पद्धत आज रुळलेली आहे.

स्टॅनफर्डने लाट ओसरल्यावरही काम थांबवले नाही. १९७२ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेनंतर एक आणि दोन वर्षांनी रुग्णांच्या हृदयातले दाब आणि उत्सर्जन यांची निरीक्षणे छापली. त्याच सुमारास फिलिप केव्हज तिथे आले. जपानी शल्यचिकित्सकांनी १९६२ मध्ये मांडलेल्या बायोप्टोमवरून, म्हणजे हृदयाचा तुकडा काढणाऱ्या साधनावरून, उपकरणे बनवणाऱ्या वेर्नर शुल्त्झ यांच्या मदतीने, त्यांनी मानेतल्या नीलेतून उजव्या निलयात जाणारा बारीक चिमटा तयार केला. केवळ त्या जागेपुरती भूल, क्ष-किरणांचा पडदा, आणि स्नायूचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा. मार्गारेट बिलिंगहॅम यांनी या तुकड्यांवरून नकाराच्या तीव्रतेची प्रतवारी बसवली. बायोप्सीने रुग्ण वाचवले यात शंका नाही. पण ती पेशी दाखवते, काम दाखवत नाही. तुकड्यात नकार दिसत असताना हृदय उत्तम चालत असते आणि कधी तुकडा स्वच्छ असूनही हृदय थकलेले असते. दोन्ही मोजावे लागतात.

याच गटाने केलेला एक प्रयोग या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा म्हणावा असा आहे. नील इंगल्स, जॉर्ज डॉटर्स आणि सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणाच्या वेळीच डाव्या निलयाच्या भिंतीच्या मध्यभागी टँटॅलम धातूची मिलिमीटरभर लांबीची वेटोळी बसवायला सुरुवात केली. टँटॅलम क्ष-किरणांत ठळक दिसतो आणि ऊतींना त्रास देत नाही. नंतर केव्हाही रुग्णाची क्ष-किरण चलच्चित्रे दोन बाजूंनी घ्यायची आणि एकेका चौकटीत प्रत्येक ठिपक्याचे स्थान मोजायचे. नळी नको, रंगद्रव्य नको. त्यामुळे तेच हृदय, तेच बिंदू, आठवड्यामागून आठवडे पाहता येत. या मोजमापातून हृदयाचा पीळ आकड्यांत आला. ओले फडके पिळताना दोन टोके उलट दिशांना वळावीत तसे आकुंचनात निलयाचे टोक तळाच्या तुलनेत वळते आणि शिथिल होताना हा पीळ झटक्यात उलगडतो. १९८० च्या दशकात याच पद्धतीने असे दिसले की तीव्र नकाराच्या काळात हा पीळ घटतो. जिवंत, हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयभिंतीच्या आतून घेतलेली अशी मोजमापे एरवी मिळणे कठीण होते. निरोगी हृदयात कोण वेटोळी बसवू देईल? त्यामुळे माणसाच्या हृदयाच्या पिळाविषयीचे सुरुवातीचे बरेच ज्ञान दात्यांच्या हृदयांनी दिलेले आहे.

प्रयोगशाळेत मात्र याच काळात कुत्र्याची जागा उंदराने घेतली. १९६४ मध्ये ॲबट आणि सहकाऱ्यांनी मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, पोटात दुसऱ्याचे हृदय जोडले. ओनो आणि लिंडसे यांनी १९६९ मध्ये ही जोडणी सुधारली : दात्याची महारोहिणी पोटातल्या महारोहिणीला आणि फुप्फुस रोहिणी खालच्या महानीलेला. १९७३ मध्ये हेच लहान उंदरात साधले. एकाच वाणाचे, जनुकीयदृष्ट्या सारखे प्राणी मिळत असल्याने नकाराचा अभ्यास काटेकोर झाला. हृदयाचे मोजमाप मात्र बोटाच्या पेराने. संशोधक रोज उंदीर हातात घेतो, पोटावर बोट ठेवतो आणि ठोक्याच्या जोराला शून्य ते चार असे गुण देतो. शून्य म्हणजे नकार पूर्ण झाला.

नकार किती दिवसांनी येतो हे ठरवायला ही पद्धत पुरेशी आहे आणि नकार दाबणाऱ्या अनेक औषधांची पहिली पारख तिच्यावरच झाली. पण ही जोडणी मान यांचीच आहे. डावे निलय रिकामे. भार नसल्याने त्याचा स्नायू काही आठवड्यांत झडू लागतो. अशा हृदयावरून ‘कार्य टिकले’ असे विधान करणे धाडसाचे ठरते. म्हणून काहींनी निलयात पातळ फुगा बसवून, तो ठरावीक आकारमानाला फुगवून आतला दाब मोजला, तर काहींनी रक्त डाव्या निलयातूनही जाईल अशा जोडण्या केल्या. शरीराबाहेर तपासण्यासाठी १९६७ मध्ये जेम्स नीली आणि सहकाऱ्यांनी उंदराचे ‘कार्यरत हृदय’ मांडले. त्यात द्रव डाव्या अलिंदातून येतो आणि हृदयाला तो ठरावीक उंचीपर्यंत ढकलावा लागतो. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हृदय थांबवण्याचा द्रव सिद्ध झाला तो डेव्हिड हर्स आणि मार्क ब्रेमब्रिज यांनी उंदरांच्या हृदयांवर केलेल्या अशाच चाचण्यांतून.

भारापासून सुटी अशी ताकद मोजायची कशी, या जुन्या पेचाला वाट दाखवली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या हिरोयुकी सुगा आणि किइची सागावा यांनी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दुसऱ्या कुत्र्याच्या रक्तावर पोसलेले सुटे हृदय घेतले आणि प्रत्येक ठोक्यात निलयाचा दाब आणि आकारमान एकाच आलेखावर मांडले. एक ठोका म्हणजे एक बंद वेटोळे. भरणारे रक्त बदलत गेले की वेटोळी लहानमोठी होतात, पण आकुंचनाच्या शेवटाचे त्यांचे बिंदू एका रेषेवर येतात. त्या रेषेचा चढ स्नायूची ताकद सांगतो आणि भार बदलला तरी तो फारसा बदलत नाही. १९८० च्या दशकात लायडन येथील यान बान यांनी वाहकता-कॅथेटर आणला. नळीवरच्या विद्युत्‌ अग्रांमधून सूक्ष्म प्रवाह सोडून, रक्ताच्या वाहकतेवरून निलयाचे आकारमान ठोक्याठोक्याला मिळू लागले आणि हे आलेख जिवंत प्राण्यातही काढता येऊ लागले. महानीला क्षणभर दाबायची, रक्त कमी होत जाते तशी वेटोळी आखायची, चढ मोजायचा. प्रत्यारोपणाच्या प्रयोगांना मिळालेली ही आजवरची सर्वांत विश्वासार्ह मोजपट्टी आहे.

तिचा खरा उपयोग झाला तो दात्याच्या शरीरात काय घडते हे समजण्यासाठी. केपटाउनमध्ये दिमित्री नोवित्स्की, डेव्हिड कूपर आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते की मेंदू मरताना रक्तात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो आणि हृदयाच्या स्नायूला इजा होते. म्हणजे हृदय काढण्याआधीच दुखावलेले असते. ड्यूक विद्यापीठात १९९० च्या दशकात कुत्र्यांवर दाब-आकारमान आलेख काढून ही इजा मोजली गेली, तेव्हा दोन्ही निलयांची ताकद घटलेली आढळली. उजव्याची डाव्यापेक्षा जास्त. प्रत्यारोपणानंतर उजवे निलय आधी का हार खाते, याचे दुसरे कारण असे हाती आले.

रुग्णांत अर्थातच वारंवार नळ्या घालता येत नाहीत. ध्वनिलहरींची तपासणी, म्हणजे इकोकार्डिओग्राफी, म्हणून रोजच्या वापरात आली. १९८० च्या दशकात स्टॅनफर्डच्या हॅना व्हॅलंटाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नकाराच्या वेळी हृदयाचे शिथिल होण्याचे गणित आधी बिघडते. महारोहिणीची झडप मिटल्यापासून अलिंद-निलयामधली झडप उघडेपर्यंतचा काळ आखडतो, कारण ताठरलेल्या हृदयात मागचा दाब वाढलेला असतो. ही खूण मोलाची, पण एकट्या तिच्यावर बायोप्सी टाळावी एवढी पक्की ठरली नाही. नंतर स्नायूचा प्रत्येक भाग किती आखडतो हे मोजणारे स्ट्रेन-तंत्र आले आणि स्नायूतली सूज दाखवणारे एमआरआय आले. टँटॅलमच्या वेटोळ्यांनी जो पीळ दाखवला होता, तो आता काहीही न टोचता दिसतो.

नसा परत वाढतात का, हा प्रश्नही मोजमापानेच सुटला. १९९१ च्या सुमारास करोनरी रोहिणीत टायरामिन सोडून तपासण्या झाल्या. हे द्रव्य जिवंत नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन बाहेर काढते. नसा नसतील तर काहीच घडत नाही. प्रत्यारोपणाला वर्ष उलटून गेलेल्या काही रुग्णांत प्रतिसाद मिळाला. काहींना छातीत कळ येऊ लागल्याच्याही नोंदी झाल्या. नसा नसलेल्या हृदयात ती जाणवायला नको होती. किरणोत्सारी द्रव्य वापरून काढलेल्या पीईटी चित्रांत या नसा हृदयाच्या काही भागांतच परतलेल्या दिसल्या. २००१ मध्ये म्युनिकच्या गटाने सिद्ध केले की ज्यांच्यात त्या परतल्या, त्यांची व्यायामक्षमता अधिक असते.

गेल्या काही वर्षांत मोजमापाचा क्षण शस्त्रक्रियेनंतरवरून शस्त्रक्रियेआधी सरकला आहे. २०१४ मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाने आधीच थांबलेली हृदये परत सुरू करून प्रत्यारोपित केली. अशा हृदयाला वाहतुकीत उबदार रक्तावर धडधडत ठेवणारे यंत्र त्यासाठी वापरले गेले. त्यात महारोहिणीतून उलट्या दिशेने रक्त दिले जाते, म्हणजे डावे निलय रिकामेच राहते आणि निर्णय घ्यावा लागतो तो बहुतांशी रक्तातल्या लॅक्टेटच्या पातळीवर. कॅनडात डॅरेन फ्रीड यांच्या गटाने डुकरांच्या हृदयांवर तपासणी केली तेव्हा, हृदयाला प्रत्यक्ष काम करायला लावून घेतलेली मोजमापे लॅक्टेटपेक्षा सरस ठरली. इंग्लंडच्या पॅपवर्थ रुग्णालयाने २०१५ मध्ये आणखी एक मार्ग घेतला : मेंदूकडचा प्रवाह बंद ठेवून हृदय दात्याच्याच शरीरात अभिसरण चालवणाऱ्या यंत्राच्या आधाराने परत सुरू करायचे, मग तो आधार काढायचा आणि ते पूर्ण भार वाहत असताना इको आणि स्वान-गांझ कॅथेटरने तपासायचे. मोजमापाच्या दृष्टीने हा मार्ग अधिक सरळ आहे. त्यावरचे नैतिक आक्षेप वेगळे आणि गंभीर आहेत. काही देशांनी तो त्यामुळेच स्वीकारलेला नाही.

प्रत्यारोपणानंतर पहिल्या २४ तासांत दुसरे कोणतेही कारण नसताना हृदय अपुरे पडले, तर त्याला प्राथमिक ग्राफ्ट-बिघाड म्हणतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने त्याची व्याख्या ठरवली. त्याआधी प्रत्येक केंद्राची मोजपट्टी निराळी होती आणि एका ठिकाणचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहता येत नव्हते. आता उजव्या अलिंदातला दाब, फुप्फुसाकडून येणारा दाब, शरीराच्या आकारमानानुसार काढलेले उत्सर्जन, निलय बाहेर टाकत असलेल्या रक्ताचे प्रमाण आणि लागणारा औषधांचा किंवा यंत्रांचा आधार यांवरून निर्णय होतो. डाव्या निलयाच्या बिघाडाला त्या व्याख्येत सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीन पायऱ्या आहेत. उजव्या निलयाच्या बिघाडाला पायऱ्या दिलेल्या नाहीत. तो आहे किंवा नाही, एवढेच त्यात नोंदवता येते.